कमरआपांचा वाढपी

कमरआपा बंद वस्तूंना कान लावून पाहायच्या. विजेचा मीटर, पाण्याची टाकी, शाळेतलं थांबलेलं घड्याळ, कशाच्याही पोटाशी डोकं टेकवायच्या, डोळे मिटायच्या आणि एक हात वर करून आम्हा सगळ्यांना गप्प करायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला रुजू झाले त्या सकाळी शिक्षकखोलीत एक उंच बाई माठाला कान लावून उभ्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग सावकाश म्हणाल्या, "झिरपून राह्यला. तडा आतून हाय. तुमी नव्या इंग्रजीच्या बाई का? बसा नं, उभ्या काहून?"

अनिका आणि रोहन, तुमच्या आजीच्या या मैत्रिणीला तुम्ही कधी पाहिलं नाही. परवा फोनवर रोहन म्हणाला की जुना लॅपटॉप फार हळू चालतो, आता तो टाकून देणार. तेव्हापासून मला कमरआपा आठवत आहेत. म्हणून हे लिहायला बसले. फेकायचा तर फेक, पण आधी वाच.

त्या गणित शिकवायच्या. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना आपा म्हणायची आणि त्या मला 'इंग्रजी' म्हणायच्या. "ए इंग्रजी, इकडे ये." वर्गात एखादीचं गणित चुकलं की रागवायच्या नाहीत. उलट खुर्ची ओढून तिच्या बाकाशी बसायच्या. "चुकलं तं चुकलं. पण कसं चुकलं थे सांग. मले पाहू दे नं मजा." त्यांना खरंच मजा वाटायची. बरोबर आलेल्या उत्तराकडे त्या ढुंकूनही पाहत नसत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घराची पुढची खोली मुलींसाठी उघडली. नांदगाव खंडेश्वर आणि आसपासच्या गावांहून मुली एस.टी.ने कॉलेजला यायच्या. तास दुपारीच संपायचे आणि गावाची बस संध्याकाळी. मधला वेळ बसस्थानकाच्या बाकावर काढायचा. ती वर्षं वाईट होती. कापूस हाती लागत नव्हता, विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि पेपर उघडला की आत्महत्येच्या बातमीत कुठल्या गावाचं नाव आहे ते आधी पाहायचं, अशी सवय आम्हाला लागली होती. घरी पोरगी बसस्थानकावर बसते असं कळलं की कॉलेज बंद करायला तेवढं निमित्त पुरायचं. आपांच्या खोलीत त्या निदान पुस्तक उघडून बसत.

पुढे मीही निवृत्त झाले, आणि आमच्या शाळेने जुने संगणक काढले तेव्हा आपांनी त्यातले चार मागून आणले. खोलीत ओळीने मांडले. ते इतके दमलेले होते की शब्दकोश उघडला तरी पडदा गोठायचा. मुली दोन दिवस हौसेने बसल्या, मग पुन्हा आपल्या वह्या काढून बसू लागल्या, आणि हळूहळू त्यांचं येणंही कमी झालं.

इथे युसूफभाई येतात. आपांचे धाकटे भाऊ, संत्र्याचे व्यापारी, शेंदूरजनाघाटकडचा माल घेणारे. त्यांनी बाजारातलं भाड्याचं गोदाम सोडलं होतं. आंबिया बहाराचा माल पावसाळ्यानंतर येतो. त्याच्या पेट्या ठेवायला त्यांना हीच पुढची खोली हवी होती. माणूस वाईट नव्हता, अडचणीत होता. माझ्यासमोरच ते म्हणाले, "आपा, पोरी बसत असत्या तं मी तोंड नसतं उघडलं. पण भंगाराले खोली अन् संत्र्याले उन्ह, हा कोणता न्याय?"

आपांनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "आंबिया येईस्तोवर थांब. हे भंगार चालतं केलं तं खोली पोरींची. नाई चाल्लं तं तुझी."

"मंजूर," युसूफभाई म्हणाले, आणि हसत निघून गेले.

आपांना संगणकातलं काही येत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. पण एका संगणकाच्या मासिकासोबत फुकट सीडी आली होती आणि तिच्यावर सर्व्हरची प्रणाली होती. आपांनी मासिकातला लेख माझ्यासमोर टाकला. "वाच, इंग्रजी. सर्व्हर म्हंजे काय म्हणते थो?"

मी वाचून सांगितलं की हा संगणक स्वतःसाठी काही करत नाही. दुसरे मागतील ते काढून देतो. त्याला चित्रं, खिडक्या, रंग काही लागत नाही; पडदासुद्धा लागत नाही, म्हणून अगदी साध्या यंत्रावरही चालतो.

आपा खूश झाल्या. "वाढपी! पंगतीतला वाढपी. त्याले कायले पाट अन् कायले रांगोळी? बाकीचे चार बसतीन जेवाले, हा वाढीन." शब्दकोश, जुन्या प्रश्नपत्रिका, नकाशे हे सगळं एकाच्या पोटात ठेवायचं आणि चौघांनी फक्त मागायचं, असं ते गणित होतं.

त्या पाचव्यासाठी आम्ही अकोल्याला गेलो. आपांची एक विद्यार्थिनी तिथल्या जिनिंगच्या कचेरीत होती. वजनकाट्याशेजारचा संगणक त्यांनी बदलला होता आणि जुना कोपऱ्यात पडून होता. तोही म्हाताराच, पण त्याची साठवण मोठी होती. आपांनी तिथेच त्याला कान लावला, हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "आत मऊ काहीतरी हाय." स्क्रू काढले तर आत सगळा कापूस! वर्षानुवर्षं उडालेली सरकीची लव पंख्याने आत ओढून घेतली होती. आपांनी बोटांनी ती उपसली. मांडीवर चांगला ढीग झाला. "एका उशीचा माल निघाला," त्या म्हणाल्या, "अन् लोक म्हणतात अवंदा कापूस पिकला नाई." ती मुलगी हसता हसता थांबली. तिच्या घरीही कापूसच होता. आपांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. परतीच्या पॅसेंजरमध्ये तो खोका बडनेऱ्यापर्यंत त्यांनी मांडीवर धरला होता.

सीडी चढली. काळा पडदा, पांढरी अक्षरं. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण असं इंग्रजी कधी वाचलं नव्हतं. कृपया नाही, क्षमस्व नाही. असा हुकूम मला ठाऊक नाही. तुला परवानगी नाही. असं काही इथे नाही. मी वैतागून म्हटलं, "आपा, हा फार उद्धट आहे."

"उद्धट नाई व, वऱ्हाडी हाय," आपा म्हणाल्या. "जे हाय थे तोंडावर सांगते. मले तं आवडला."

तरीही यंत्र धापा टाकत होतं, कारण न विचारता बरीच कामं त्याने अंगावर घेतली होती. आपांची रीत पाहण्यासारखी होती. एक काम बंद करायचं, मग शेजारच्या संगणकावरून त्याला हाक मारायची. तशी हाक मारायचा एक छोटासा हुकूम असतो. पलीकडचा जागा असला तर उत्तराच्या ओळी येतात. ओळी आल्या की ते काम नकोच होतं, असं समजायचं. छपाई नको, आवाज नको, टपाल नको. "माणसाचंबी असंच करून पाह्यलं पाह्यजे," त्या म्हणायच्या. "एकेक काढत जायचं. काय काढलं म्हंजे हाक ऐकू येत नाई, थेवढं ठेवायचं." एकदा त्यांनी उत्साहात नेमकं ते काम बंद केलं ज्यातून आम्ही त्याच्याशी बोलत होतो. मग शेजारच्या संगणकाचा पडदा काढून त्याला जोडावा लागला. आपांना लाज वाटली नाही. "पाह्यलं? कुठून बोलते थे कळलं नं आता!"

एप्रिलपर्यंत तो चालू लागला. लाइट गेली तरी घरच्या इन्व्हर्टरवर तग धरायचा, कारण त्याला लागतच किती कमी! मुली परत आल्या. चारही पडद्यांवर एकाच वेळी शब्दकोश उघडायचा. मुली एकमेकींना शब्द विचारून हरवायच्या, आणि आपा दारात उभ्या राहून माझ्याकडे पाहून भुवया उडवायच्या.

मग आला मे महिना. अमरावतीचा मे तुम्ही पाहिलेला नाही. आपल्याकडे त्या दिवसांत जे जे मोलाचं ते कूलरसमोर ठेवायचं असतं: आजारी माणूस, बाळंतीण, जावई. लेखात लिहिलं होतं की यंत्र थंड ठेवा. आम्ही वाढप्याला स्टुलावर बसवून बरोबर कूलरच्या तोंडाशी ठेवला. युसूफभाईंनी चेष्टा केली, "माणसं घामानं भिजून राह्यली अन् डब्ब्याले कूलर!" पण वाळ्याच्या नव्या ताट्या त्यांनीच आणून बसवल्या. पाणी टँकरचं होतं, तरी आपा स्वतःच्या अंघोळीतलं वाचवून कूलरमध्ये ओतायच्या. चौघांपैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. चौथे तुमचे आजोबा. इंजिनिअर असूनही त्यांनी फक्त एवढंच विचारलं की आम्ही कुठे बसायचं.

जूनमध्ये एका सकाळी वाढपी बोलेना. हाक मारली, ओळ नाही. आपांनी कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आत कोणीच नाई व," त्या म्हणाल्या.

उघडून पाहिलं. महिनाभर कूलरचे बारीक थेंब त्याच्या पोटात जात होते. जागोजागी पांढरा क्षार साचला होता आणि स्मरणपट्ट्यांच्या, म्हणजे रॅमच्या, सोनेरी दातांवर तांब्याच्या भांड्यावर येतं तसं हिरवं आलं होतं. नेमके त्याच वेळी युसूफभाई दारात उभे. हातात मोजायची टेप. पेट्यांच्या किती रांगा बसतील ते पाहायला आले होते.

"आपा, बंद पडलं का?"

"पाहू तं दे."

"आंबियाच्या पेट्या आधीच सांगा लागतात, म्हणून म्हणतो."

हिरवं पाहून आपांचा हात सरळ स्वयंपाकघरातल्या चिंचेकडे गेला. मी तो धरला. "आपा, हे भांडं नाही! आंबट लावाल तर उरलंसुरलंही जाईल." मग आपांनी पर्स उघडली, मीही उघडली. निवृत्त होऊन इतका काळ गेला तरी दोघींच्याही पर्सेत खोडरबर होतं! आम्ही एकेक स्मरणपट्टी घेऊन बसलो आणि मुलींच्या चुका खोडाव्या तशा हळूहळू ते हिरवं खोडून काढलं. बाकीचं रंगाच्या ब्रशने झाडलं आणि दिवसभर सावलीत वाळवलं.

संध्याकाळी बटण दाबलं. एकदा टूं झालं. मी शेजारच्या पडद्यावरून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. युसूफभाईंनी टेपचं टोक भिंतीला लावलं.

"थांब," आपा खोक्याला कान लावून म्हणाल्या. हात वर होता. "कुरकुर ऐकू येते. स्वतःची तब्येत पाहून राह्यला. अचानक पडलेलं माणूस उठल्यावर आधी हातपाय चाचपते का नाई?"

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. मग पडद्यावर पहिली ओळ उमटली, तिच्याखाली दुसरी, तिसरी. मी त्या मोठ्याने वाचू लागले. युसूफभाईंनी टेप गुंडाळली. "चाल्लं तं चाल्लं," ते म्हणाले. "खोली पोरींची."

त्या वर्षी आंबिया आलाच नाही. झाडं उभी वाळली. शेंदूरजनाघाटकडून पेट्या आल्या त्या रिकाम्याच, आधी पाठवलेल्या. युसूफभाईंनी त्या अंगणात रचल्या आणि बराच वेळ पायरीवर बसून राहिले. मी आपांना म्हणाले की निदान खोली तरी राहिली. त्या माझ्यावर कधी रागावल्या असतील तर तेव्हाच. "अशी नव्हती व राहाले पाह्यजे. तो पेट्या घेऊन येता, अन् मी नाई म्हणती, तं मजा होती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच खोलीच्या मधोमध कापडाचा पडदा बांधला. अर्ध्यात युसूफभाईंचं किरकोळ फळांचं दुकान आणि अर्ध्यात मुली. रिकाम्या पेट्यांची मेजं केली. शब्दकोशाला कित्येक दिवस संत्र्याच्या सालीचा वास येत होता.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी आपा गेल्या. छातीत दुखलं आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. मी पोचले तेव्हा खोलीतला पडदा काढून सतरंज्या घातल्या होत्या, माणसं बसली होती. टेबलफॅन लावायला कुणा नातेवाइकाने वाढप्याच्या तारेला हात घातला. युसूफभाई इतका वेळ मान खाली घालून बसलेले. ते एकदम म्हणाले, "थे नको काढू. पोरी येतीन." नातेवाइकाने दुसरीकडे तार लावली.

महिन्याभराने मी गेले, कारण मुलींना मी इंग्रजी शिकवावं असं आपांनीच कधीचं ठरवून टाकलं होतं. दुकान उघडलं होतं, पण गल्ल्यावर कुणी नव्हतं. पडद्यापलीकडे पाहिलं. युसूफभाई त्या खोक्यावर वाकले होते, डोळे मिटलेले, कान टेकवलेला. मी काही बोलणार तोच त्यांचा हात वर गेला. मी दारातच थांबले.

जरा वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"बाई, खोकून राह्यला थोडा," ते म्हणाले. "आत कापूस भरला वाटते. तुमच्यापाशी ब्रश हाय का?"

होता. मी पर्स उघडली.