रुपाच्या आईचं रडणं

एकोडीच्या चंद्रकांताबाई बी.ए. झालेल्या आहेत, आणि टीव्हीवर गाण्याची स्पर्धा लागली की त्या हे कोणाला विसरू देत नाहीत. स्पर्धकाची आई रडायला लागली की यांचं सुरू. "शिकवलेलं आहे सारं. एवढं रडली, पण काजळ फिसकटलं का? नाही ना?" तिकडे सासूबाई गोदावरीबाई पदराने डोळे टिपत म्हणायच्या, "तुले देवानं काळजाच्या जागी गोटा देल्ला वो."

मग चंद्रकांताबाईंचीच लेक रुपा अशा एका स्पर्धेत निवडली गेली आणि तिच्या घरची गोष्ट टिपायला मुंबईची माणसं दारात उतरली.

चंद्रकांताबाईंनी ओसरी रंगवून घेतली होती, दिवाळीची साडी नेसल्या होत्या. दिग्दर्शक मुलीने हे पाहिलं आणि तिचा चेहराच पडला. "काकू, एखादी जुनी साडी नाही का?" साडी बदलली. स्कूटी गोठ्यामागे गेली. फ्रिजवर चादर पडली. कूलर मात्र चंद्रकांताबाईंनी कोणी न सांगताच झाकला. त्यांचे यजमान योगेंद्रभाऊ बघतच राहिले. "काहून वो, तू तं म्हनत होती सारं खोटं रायते?"

"मंग खोटं करायचंच तं नीट नाही करायचं का?"

आता मुख्य प्रसंग. रुपा धावत येऊन निवडीची बातमी सांगणार आणि आईला रडू फुटणार. बातमी जुनी होती, पेढे कधीच वाटून संपले होते. दिग्दर्शक मुलगी समजुतीने म्हणाली, "काकू, तुमच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर घरचा भाग दाखवता येणार नाही. मग रुपाचं नुसतं गाणं जाईल. लोक मतं गोष्टीला देतात हो."

रुपा धावत आली. चंद्रकांताबाई कोरड्याच. पुन्हा आली. त्यांनी माहेर आठवलं, मेलेली गाय आठवली. डोळे ठक्क! एकीकडे लेकीचं नशीब टांगलेलं, आणि यांना आपला चेहरा कसा दिसत असेल याचीच काळजी. रुपा धापा टाकत म्हणाली, "आई, रड ना वो! पाय दुखून राहिले माहे."

गोदावरीबाईंना हे बघवेना. लेक सासरी निघाली की बायांनी तिच्या गळ्यात पडून सुरात रडायचं, ही तिकडची जुनी रीत. आणि त्या सुरात गोदावरीबाईंचा हात धरणारी पंचक्रोशीत कोणी नाही. "सरक तिकडं. बी.ए. झाली, पन रडाले नाही शिकली." त्यांनी नातीला कवटाळलं आणि असा हंबरडा फोडला की शेजारच्या दोन बायाही सवयीने येऊन सुरात मिळाल्या.

खळ्यावर धान उफणत असलेल्या तुलारामभाऊंच्या कानी ते गेलं. म्हातारी महिनाभर खोकत होती, हे गावाला माहीत. ते डोक्याचा दुपट्टा काढून चार माणसं घेऊनच धावत आले. दारात मान खाली घालून म्हणाले, "योगेंद्रा, धीर धर बापू. सोन्यासारखी होती मावशी."

रडणं मधेच तोडून गोदावरीबाई कडाडल्या, "मेल्या, मी हावो ना अजून!"

चंद्रकांताबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, भिंतीकडे तोंड केलं आणि त्या हसू दाबायला लागल्या. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून धारा. कॅमेरा हळूच त्यांच्याकडे वळला.

स्पर्धेसाठी रुपा मुंबईला गेली आणि तो भाग लागला. मागे सनई वाजत होती. गदगदणारे खांदे, ओले डोळे, अंगणात मान खाली घालून उभे असलेले गावकरी. निवेदक म्हणाला, लेकीच्या यशाने सारं गाव गहिवरलं.

तेवढ्यात रुपाचा फोन आला. "आई, पाह्यलं का? तू तं हासून राहिली होती ना वो तवा!"

"माहीत आहे मले," चंद्रकांताबाई नाक ओढत म्हणाल्या. "ठेव आता फोन. रडू दे मले जरासं."