आधी तहकूब, मग सभा

ग्रामसभेतून ठराव कमी निघतात आणि किस्से जास्त. ठराव रजिस्टरात जाऊन बसतात, त्यांची कोणाला आठवण येत नाही. किस्से मात्र आपल्यासोबत घरी येतात. जेवताना सांगितले जातात, पानठेल्यावर पुन्हा सांगितले जातात आणि बघता बघता इतके साचतात, की कुठला आधी सांगावा तेच कळत नाही.

वर्ध्याला खेटून असलेलं आमचं गाव आता शहरात सामील झालं. ग्रामपंचायतीचा बोर्ड उतरला. शहरात ग्रामसभा नसते. तिथं नगरसेवक बोलतो आणि आपण त्याला फोन लावतो. परवा सभेच्या त्या बंद खोलीवरून जाताना आतली निळी सतरंजी खिडकीतून दिसली, गुंडाळून उभी केलेली. वाईट वाटलं. म्हणून हे किस्से.

* * *

आमच्या सभेची एक रीत होती. बाहेरच्या माणसाला ती आधी समजावून सांगावी लागते.

सभेला ठरावीक माणसं हजर असावी लागतात. त्याला कोरम म्हणतात. कोरम भरला नाही, की सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासानं पुन्हा भरवायची. त्या दुसऱ्या सभेला कोरम लागत नाही. हे एकदा गावाला कळल्यावर पहिल्या सभेला आत जायचं बंदच झालं. जो आधी जाईल, त्यानं रिकाम्या खोलीत सरपंचाच्या तोंडाकडे पाहत बसायचं! कोण बसणार? सगळे समोरच्या सायकल दुकानाच्या टिनाखाली उभे राहायचे. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला जायचा, सोयाबीनच्या भावाची चर्चा व्हायची. मग शिपाई हरिदास बाहेर येऊन सांगायचा, "झाली तहकूब. चला आता." की सगळे आत.

एकदा नवे ग्रामसेवक आले, सातारा भागातले. उत्साही माणूस. पहिल्याच सभेला ते स्वतः टिनाखाली आले आणि हात जोडून म्हणाले, की मंडळी आत चला, सभा सुरू करायची आहे. कोणी हललं नाही. गावातले सगळ्यात जुने सभासद म्हणावेत असे शांतारामदादा तिथंच उभे होते. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "साहेब, तुम्ही नवे आहा. आधी बंद करा, मंग सुरू करा."

ग्रामसेवक आत गेले. पुढच्या सभेपासून तेही चहा पिऊनच आत बसू लागले.

* * *

या शांतारामदादांचं सभेतलं काम एकच, विरोध नोंदवणं. रस्त्याला विरोध, दिव्याला विरोध, नाली काढायला विरोध आणि नाली बुजवायलाही. हात वर करून उभे राहायचे, "माझा विरोध लिहा" म्हणायचे आणि लिहून झालं की समाधानानं बसायचे.

एका वर्षी त्यांचं अंगण गावात सगळ्यात स्वच्छ ठरलं. सभेत त्यांच्या अभिनंदनाचा ठराव आला. टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्या तसे दादा उठले. "माझा विरोध लिहा."

ग्रामसेवकांचा पेन तसाच राहिला. दादा, तुमचंच अभिनंदन आहे, असं त्यांना दोन-तीन जणांनी सांगितलं.

"मले समजते ना," दादा म्हणाले. "पण एक डाव सोडला, तर सवय तुटते."

अभिनंदन एक विरुद्ध सगळे अशा मतांनी मंजूर झालं.

* * *

पण ही तहकुबीची रीत सगळ्यांना सोयीची होती असं नाही. कुसुमताईंना ती फार महागात पडत होती.

कुसुमताई म्हणजे आमच्या अंगणवाडीच्या ताई. लग्न होऊन गावात आल्या आणि लगेच अंगणवाडीवर लागल्या, त्या केस पांढरे होईपर्यंत. अंगणवाडी नाल्याच्या पलीकडे. नाल्यावर पुलिया नाही. पावसाळ्यात ताई पदर खोचून नाल्यात उभ्या राहायच्या आणि एकेक लेकरू कडेवर घेऊन पलीकडे ठेवायच्या. आज गावात चाळिशीच्या आसपासचा जो कोणी आहे, तो त्यांच्या कडेवरून गेलेला आहे. मीसुद्धा.

ताईंची मागणी एवढीच होती, की नाल्यावर एक लहानशी पुलिया करा. पण सभेची विषयपत्रिका सरपंच ठरवणार, आणि त्यात पुलिया काही यायची नाही, कारण नाल्यापलीकडे मतं थोडी. मग उरला ऐनवेळचा विषय, म्हणजे सभेतच उठून मांडायचा. ताई दरवेळी उठायच्या आणि ग्रामसेवक दरवेळी नम्रपणे सांगायचे, की ताई, तहकूब झालेल्या सभेत ऐनवेळचा विषय घेता येत नाही. तो पहिल्या सभेतच घ्यावा लागतो. आणि पहिली सभा तर आमच्या गावात कधी भरतच नव्हती.

ताई निवृत्त झाल्या, तरी उठणं थांबलं नाही. उपसरपंच सुधाकर एकदा हसत म्हणाला, की ताई, आता तुम्ही रिटायर झाल्या, आराम करा, पुलियेचं कशाला डोक्यात घेता?

"मी रिटायर झाली रे बाप्पा," ताई म्हणाल्या, "पोट्टे थोडी रिटायर झाले."

* * *

मध्यंतरी मीराबाई सरपंच होत्या. महिला राखीव जागा. खुर्चीवर मीराबाई आणि बोलायला शेजारच्या खुर्चीवर त्यांचे यजमान. "आम्ही रस्ता केला", "आम्ही दिवे लावले" असं त्यांचं सुरू असायचं. मीराबाई डोक्यावरचा पदर सांभाळत ऐकायच्या.

एका सभेत लोक नळावरून तापले. सकाळपासून पाणी नव्हतं. आवाज चढले तसे यजमान खुर्चीत मागे सरकले आणि म्हणाले, "हे पाहा, सरपंच मॅडम आहेत. त्यांले विचारा."

मीराबाई पहिल्यांदाच उभ्या राहिल्या. यजमानांकडे बोट करून शांतपणे म्हणाल्या, "पाणी सोडणाऱ्याले मी कालच सांगतलं होतं. पण यायनं त्याले सकाळीच आमच्या वावरात नेलं, सोयाबीन काढाले."

त्या दिवसानंतर शेजारची खुर्ची रिकामी असायची. आणि मला आवर्जून सांगायला हवं, की पुलियेचा विषय विषयपत्रिकेवर घेणाऱ्या सरपंच फक्त या मीराबाईच.

* * *

त्याचाच हा किस्सा.

मीराबाईंनी विषय घेतला तो पंधरा ऑगस्टच्या सभेत. छापील कागदावर स्पष्ट होतं, नाल्यावरील पुलियेच्या मागणीबाबत, अर्जदार कुसुमताई. आता तहकुबीचीही अडचण नव्हती. ताईंनी आदल्या दिवशी घरोघरी जाऊन सांगितलं.

रात्रीपासून पाऊस लागला. सकाळी झेंडा कसाबसा झाला, लेकरांनी बुंदीच्या पुड्या छातीशी धरून घर गाठलं. ताई लवकर उठून पलीकडे अंगणवाडीच्या झेंड्याला गेल्या होत्या. त्या परत निघेपर्यंत नाला दोन्ही काठ सोडून वाहू लागला. सभेच्या वेळेला ताई त्या काठावर छत्री घेऊन उभ्या, आम्ही या काठावर. त्या काहीतरी ओरडून सांगत होत्या. पाण्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं.

सभेत विषय पुकारला गेला. मीराबाईंनी खूप सांगून पाहिलं. पण सुधाकर आणि त्याच्या बाजूच्यांनी नियम काढला, की अर्जदाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय कसा घ्यायचा? ग्रामसेवकांनी लिहिलं, अर्जदार गैरहजर असल्यामुळे विषय पुढे ढकलण्यात येत आहे.

गैरहजेरीचं कारण लिहायला रकाना नव्हता.

पुढची सभा होईपर्यंत मीराबाईंची मुदत संपली.

* * *

मग ताईंनी सरळ वर अर्ज केला. वरून एक साहेब पाहणीला येणार असं ठरलं. पुलियेची गरज आहे की नाही, ते त्यांनी प्रत्यक्ष नाल्यावर येऊन बघायचं होतं.

गाव एकदम हललं. साहेब येणार! कोणी काहीही म्हणो, पाहुण्याच्या बाबतीत आमचं गाव कमी पडत नाही. हार आले, चहा-पोह्यांची तयारी झाली. तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आलं, की साहेब बुटात येणार आणि नाल्यात गुडघाभर चिखल. बरं दिसत नाही. मंडपवाल्याकडून जाड फळ्या आणल्या, खाली पोत्यांत रेती भरून टेकू दिला, वर हिरवी मॅट अंथरली. शांतारामदादांनी स्वतः फळ्यांवर दोनदा उडी मारून बघितली. त्या एका कामाला मात्र त्यांनी विरोध केला नव्हता.

ताई अंगणवाडीत साहेबांची वाट बघत बसल्या होत्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

साहेब आले. मॅटवरून आरामात पलीकडे गेले. ताईंचं म्हणणं ऐकून घेतलं, लेकरांच्या गालाला हात लावला, पुन्हा मॅटवरून अलीकडे आले. गाडीत बसताना ते खरोखर गोंधळलेले दिसले. त्यांनी विचारलं, "मग अडचण नेमकी काय आहे?"

गाडी गेली. मंडपवाल्याचा माणूस फळ्या न्यायला उभाच होता. त्याला संध्याकाळी आर्वीला एका लग्नाचा मंडप घालायचा होता.

ताई पलीकडच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या तोवर शेवटची फळी निघाली होती. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी चपला हातात घेतल्या, साडी वर धरली आणि चिखलातून अलीकडे आल्या. आमच्यातून वाट काढून जाताना फक्त म्हणाल्या, "साहेबाच्या बुटाले जपलं. छान केलं."

त्या दिवशीचे पोहे पुष्कळ उरले.

* * *

आणि मग शहरात जाण्याचं पक्कं झालं. शेवटच्या ग्रामसभेची दवंडी रिक्षावरच्या भोंग्यातून फिरली. ग्रामसेवकांनी ताईंना घरी जाऊन सांगितलं, की ज्या कामाचा ठराव झालेला असेल, ते काम कागदांसोबत शहराच्या कार्यालयात जाईल. ज्याचा झाला नसेल, ते इथंच राहील. सरपंच गजाननच्या विषयपत्रिकेवर पुलिया नव्हती. म्हणजे ऐनवेळचा विषय. म्हणजे पहिली सभा. म्हणजे कोरम.

शेवटची सभा म्हणून गाव लोटलं होतं. इतकी माणसं मी कुठल्याच सभेला बघितली नव्हती. हिंगणघाटला नोकरीवर असलेले सुट्टी टाकून आले होते. जुने सरपंच आले होते, मीराबाई आल्या होत्या, लोक बोर्डासमोर उभे राहून फोटो काढत होते. आणि सगळेच्या सगळे बाहेर, टिनाखाली आणि रस्त्यावर. आत फक्त गजानन, सुधाकर, ग्रामसेवक आणि निळी सतरंजी.

ताई एकेकाला आत चला म्हणत होत्या. कोणी नाही म्हणत नव्हतं. येतो ना ताई, तुम्ही व्हा समोर, तहकूब तर होऊ द्या. शांतारामदादा तर म्हणाले, की शेवटच्या दिवशी रीत काऊन मोडता? आत ग्रामसेवक घड्याळाकडे बघत होते. हरिदास तहकुबीचं सांगायला दारात येऊन उभा राहिला.

ताईंनी विनवणं थांबवलं. त्या पायऱ्या चढल्या, हरिदासला हातानं बाजूला केलं, गर्दीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि दोनदा टाळी वाजवली.

"चला. चपला वळीत. उंच पोट्टे मांगं."

पहिला कोण हलला ते मला सांगता येणार नाही. पण मी चपला काढून त्या सरळ लावत होतो आणि माझ्या शेजारी गिरणीचा मालक स्वतःच्या चपला सरळ लावत होता. आम्ही आत गेलो, रांगा धरल्या, मांडी घातली. म्हातारे भिंतीकडेला बसले. सतरंजी भरली, व्हरांडा भरला. बसल्यावर लक्षात आलं, की माझ्या हाताची घडी झालेली आहे.

ताई आत आल्या. खोलीभर नजर फिरवली. ती नजर खुर्चीपर्यंत गेली तसा सरपंच गजानन उठला, खाली उतरला आणि पहिल्या रांगेत जागा करून बसला. त्याच्यामागून सुधाकरही बसला.

टेबलाशी एकटे ग्रामसेवक उरले. ते सातारा भागातले. त्यांना काही कळेना. त्यांनी माणसं मोजली, पुन्हा मोजली आणि दबक्या आवाजात म्हणाले, की कोरम तर झाला, पण अध्यक्षच खाली बसलेत.

"बसू द्या त्याले," ताई म्हणाल्या. "तुम्ही लिहा. नाल्यावर पुलिया."

ग्रामसेवकांनी लिहायला घेतलं. खोलीत पेनाचा आवाज येत होता. सुधाकरच्या तोंडात सकाळचा खर्रा होता, तो आता त्याला सांभाळवत नव्हता. त्यानं दाराकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं आणि करंगळी वर केली.

"ठराव झाल्यावर," ताई म्हणाल्या.

सुधाकरनं करंगळी मिटली आणि अख्खा हात वर केला.