हिरामण मेस्त्रींचे लाल ठिपके

कुठलंही इंजिन दुरुस्तीला आलं की हिरामण मेस्त्री आधी त्याला तळहात लावत. मालक बोलत असायचा, किक बसत नाही, धूर येतो, चढावर दम लागतो, आणि मेस्त्री डोळे मिटून इंजिनावर हात ठेवून उभे असायचे. मालकाचं पुराण संपलं की विचारायचे, "झालं बोलून? आता त्याला बोलू द्या." याला ते 'ताप बघणं' म्हणत.

आमची पहिली भेट या तापामुळेच लक्षात राहिली. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी हडपसरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो आणि सदाशिव पेठेतून रोज स्कूटरने जात होतो. एकदा स्कूटर मध्येच आचके द्यायला लागली, तेव्हा लोकांनी मेस्त्रींचं दुकान दाखवलं. मी घामाघूम होऊन स्कूटर ढकलत आत नेली आणि दोन किलोमीटर ढकलत आणल्याचं सांगितलं. त्यांनी हात लावला आणि म्हणाले, "सर, हिच्या अंगात अजून ताप हाय. त्या कोपऱ्यापर्यंत चालवत आणली, तिथनं ढकलली. मला दया यावी म्हणून. व्हय ना?" खरं होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी खोटं बोललो नाही. तेही माझ्याशी खोटं बोलत नाहीत असं मी धरून चाललो, आणि हे धरून चालणं मला महागात पडलं.

मेस्त्रींची दुसरी सवय लाल ठिपक्यांची. उघडलेलं इंजिन पुन्हा बंद केलं की शेवटी घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टावर ते मंदाच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, नेलपॉलिशचा एक ठिपका लावत. बोल्ट जरा जरी फिरला तर ठिपका तडकतो. "माझ्यामागं दुसऱ्या कुणी हात घातला तर मला कळाय पायजे," असं ते म्हणायचे. माझ्या स्कूटरच्या इंजिनावर असे आठ ठिपके होते. गल्लीत कुणी विचारलं, तर हौसेने आमच्या मेस्त्रींची सही म्हणून दाखवायचो.

वापरलेली गाडी घेणाऱ्याला त्यांचा एकच सल्ला असे: न सांगता जा, आणि इंजिन गार आहे का ते हात लावून बघा. "तुम्ही जायच्या आधी ज्यानं इंजान गरम करून ठिवलं, त्यो काय तरी झाकतोय समजा. गरम झाल्यावर म्हातारं बी पळतं. सकाळी उठताना बघायचं त्येला." मी हा सल्ला वर्गात सांगत असे. मापनाआधीची अवस्था तपासा, दुसऱ्याच्या आकड्यावर जाऊ नका, वगैरे. मुलं हसायची, पण उत्तरपत्रिकेत लिहायची.

निवृत्त झाल्यावर मी मोटरबोट घ्यायचं ठरवलं. पेठेत ही बातमी पसरल्यावर "मुठेला पाणी कधी येणार, ते विचारून घेतलंत का?" अशी चौकशी करणारे भेटलेच. पण बोट हौसेची नव्हती. माझी थोरली बहीण, अक्का, धरणाच्या पलीकडच्या काठावर एकटी राहते. तिचं हृदय नाजूक. अलीकडच्या काठापासून तिच्या घरी रस्त्याने वळसा घालून दीड तास लागतो, पाण्यातून पंधरा मिनिटं. तिला कधी घाईने पुण्याला आणावं लागलं तर तो सव्वा तास हाताशी असावा, एवढाच हेतू. हे मी मेस्त्रींना दुकानात बसून, चहा पिताना, अगदी सविस्तर सांगितलं होतं.

त्यांनीच बोट सुचवली. मंदाचे सासरे, बबनराव, धरणाच्या अलीकडच्या काठावर पर्यटकांना बोटीतून फिरवत. त्यांना एक जुनी बोट काढायची होती. मेस्त्रींच्या व्याह्यांची बोट म्हटल्यावर मला उलट बरंच वाटलं. घरचंच काम. मुलीच्या सासऱ्यासमोर मुलीच्या बापाला तोंड किती उघडता येतं, याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. फिजिक्समध्ये हे प्रकरण नसतं.

बोट बघायला आम्ही दोघे गेलो, तेव्हा बबनराव टोपी-बिपी घालून काठावर हजर. मेस्त्री बोटीत चढले, इंजिनाचं झाकण काढलं आणि नेहमीसारखा हात ठेवला. या वेळी जरा जास्त वेळ ठेवला, असं आता वाटतं. मग म्हणाले, "गार हाय." आणि बाजूला सरकून मला म्हणाले, "या की सर, तुम्ही बी बघा." मी चिखलात उभा होतो. म्हटलं, "अहो, तुम्ही बघितलंत ना? मग झालं." बबनरावांनी दोरी ओढली, पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं. मी तिथल्या तिथे पसंती दिली.

दुसऱ्या आठवड्यात सकाळी मी एकटा गेलो. सतरा वेळा दोरी ओढली. खांदा निखळायची वेळ आली, पण इंजिन ढिम्म. मेस्त्रींना फोन केला, आणि तिथून आमचे रविवार सुरू झाले.

पहिल्या रविवारी त्यांनी प्लग काढले, घासले, नवे बसवले. दुसऱ्या रविवारी कार्बोरेटर उघडला. तिसऱ्या रविवारी पेट्रोलच्या टाकीत पाणी शिरलंय का ते बघितलं, नळी बदलली. मी पाने हातात देत होतो, स्टोव्हवर चहा करत होतो. प्रत्येक वेळी इंजिन थोडंसं सुधारे. गार असताना रडतखडत सुरू होई, मी एकटा बसलो तर पंधरा मिनिटं चाले, दोघे बसलो की दमून बंद पडे. मेस्त्री डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "बघू. सापडंल." पत्नी गेल्यानंतर इतके सुखाचे रविवार मला मिळाले नव्हते, हे इथे कबूल करतो. परतीच्या वाटेवर ते एवढंच सांगत, "सर, अक्कास्नी एवढ्यात बसवू नगा."

पण एका पहाटे अक्काचा फोन आला, छातीत दुखतंय म्हणून. मी गाडीने काठावर पोहोचलो. बोट त्या दिवशी पाचव्या झटक्याला सुरू झाली, तेव्हा देव पावला असं वाटलं. पलीकडे गेलो, अक्काला बसवलं आणि निघालो. ऐन मध्यावर इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते थांबलं. मी दोरी ओढत राहिलो. वाऱ्याने बोट भलतीकडेच सरकायला लागली. अक्का छातीवर हात धरून बसली होती, चेहरा पांढरा पडलेला. थोड्या वेळाने म्हणाली, "बाळू, रस्त्याने आला असतास तर एव्हाना निघालो असतो रे." त्या क्षणी मला जी भीती वाटली ती मी आयुष्यात विसरणार नाही. शेवटी मासे धरणाऱ्या दोघा भावांनी दोर टाकून आम्हाला काठाला ओढलं. दवाखान्यात कळलं की ते पित्त होतं. अक्का वाचली, पण त्यात बोटीचा काही वाटा नव्हता.

मेस्त्रींना फोनवर सगळं सांगितलं. अक्का आता कशी आहे, ते त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "येत्या रविवारी मंदाकडं कार्य हाय. जमायचं न्हाय."

म्हणून त्या रविवारी मी एकटाच गेलो. मला काही दुरुस्त करता येत नाही. निदान इंजिन पुसून ठेवावं, मेस्त्री आले की त्यांना बरं वाटेल, असा विचार केला. डिझेलचं फडकं घेतलं. इंजिनाच्या मागच्या बाजूला, सिलिंडरच्या डोक्यावर, ग्रीसचा जाड काळा थर होता. इतर कुठे नव्हता, तिथेच होता. मी तो पुसला. खालून एक लाल ठिपका वर आला. मग दुसरा. सहा बोल्ट, सहा ठिपके, एकही तडकलेला नाही.

मी फडकं हातात धरून तिथेच बसलो. आमच्या तीन रविवारांत मेस्त्रींनी त्या बोल्टांना पाना लावला नव्हता. म्हणजे हे इंजिन त्यांनी त्याआधीच उघडलं होतं, आणि खूण झाकायला ग्रीसही त्यांनीच फासलं होतं.

सोमवारी हडपसरला गेलो. मेस्त्री एकटेच होते. मी विचारलं, "बोटीचं इंजिन कधी उघडलं होतंत?"

ते खोटं बोलले नाहीत. "मागल्या पावसाळ्यात. बोट बुडाली हुती. आठ दिस इंजान पाण्याखाली. सिलिंडर आतनं गंजून गेलाय."

"आणि त्या दिवशी हात लावलात तेव्हा?"

"गरम हुतं, सर. तुम्ही यायच्या आधी तासभर पळवलं हुतं व्याह्यांनी."

"तुम्ही गार आहे म्हणालात."

"पोरगी त्येंच्या घरात हाय. व्याही म्होरं उभा. काय बोलू?"

"तिथे नका बोलू. येताना गाडीत बोलायचं. माझी बहीण त्या बोटीत बसणार, हे तुम्हाला माहीत होतं!"

"गुपचूप नीट करून देणार हुतो. नवा सिलिंडर मिळतोय का बघत हुतो."

"मग ते तीन रविवार आपण काय शोधत होतो, मेस्त्री?"

 त्यांनी मान खाली घातली. मला बोटीपेक्षा ते तीन रविवारच जास्त लागले. प्लग घासताना, नळी फुंकताना, डोळे मिटून ऐकताना त्यांना सगळं ठाऊक होतं. आजार माहीत असलेला वैद्य माझ्यासमोर नाडी बघण्याचं सोंग करत होता आणि मी त्याला चहा करून देत होतो. मी निघालो तेव्हा ते मागून म्हणाले, "सर, मी तुम्हाला म्हणलं हुतं, तुम्ही बी बघा. मी बाजूला सरलो हुतो. तुम्ही हात लावला असता तर..."

मी इतका भडकलो की स्कूटर तिथेच ठेवून रिक्षाने घरी आलो. फसवायचं यांनी आणि दोष माझा! स्कूटर दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडून आणवली. त्यानंतर मी त्या दुकानात पाऊल ठेवलं नाही. त्यांनी दोनदा फोन केला, मी उचलला नाही. बोट त्या मासे धरणाऱ्या भावांना देऊन टाकली. त्यांनी इंजिन काढून ठेवलं आणि वल्ही लावली.

राग अजून आहे. पण रिकाम्या वेळी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पंचवीस वर्षांत मेस्त्री मला कधी 'तुम्ही बी बघा' म्हणाले नव्हते. ते फक्त त्या दिवशी म्हणाले, व्याह्यांसमोर, जेवढं म्हणता येत होतं तेवढं. ते मला ऐकू आलं नाही, कारण मला ऐकायची गरजच वाटली नव्हती. हे कळलं म्हणून दुखणं कमी झालं असं मात्र नाही.

परवा स्कूटर विकली. मार्केट यार्डात एका अडत्याकडे काम करणारे गृहस्थ घ्यायला आले होते. इंजिनाकडे वाकून त्यांनी विचारलं, "हे लाल ठिपके कसले हो?"

"एका चांगल्या मेस्त्रीचे आहेत," मी म्हटलं. "त्यांनी बंद केलेलं इंजिन आहे. आता हात लावून बघा, गार आहे का."

"अहो, सर, तुम्ही सांगताय ना? मग झालं."

मी त्यांचं मनगट धरलं आणि तळहात इंजिनावर टेकवला. ते ओशाळून हसले आणि गार आहे म्हणाले. तरी मी हात लगेच सोडला नाही.