ओंजळभर पाणी

गुणवंतीची जीभ म्हणजे धार लावलेली कोयती. ती मिशनची बायबलबाई. रत्नागिरीपासून पावसपर्यंत घरोघर फिरून अकरा वर्षं ती एकच सांगत आली होती, "ख्रिस्ताखेरीज तारण नाही. बाप्तिस्मा घ्या, नाहीतर बुडालात." बायका चुलीपुढून उठून जायच्या, हिचं आपलं चालूच.

तिला खाडीपार नेणारा तिचा नवराच, केरू. होडी त्याची, आणि पुस्तकांची ट्रंक डोक्यावर घेणाराही तोच. बायको बाटली म्हणून भाऊबंदांनी त्याला वाळीत टाकलं, पण या गड्याने तिला टाकलं नाही. असा नवरा लाखात एक, पण हिला ते कळायला फार उशीर लागला.

१९३० सालच्या उन्हाळ्यात तो आपणहून म्हणाला, "माजंपन नाव घाल गो. मेल्यावर तू एकीकडं नि मी एकीकडं, असला सौंसार काय कामाचा?" मग वल्हवता वल्हवता तो दहा आज्ञा पाठ करू लागला. एका वल्ह्याला एक आज्ञा. सहावीपाशी गाडी अडायची, की पुन्हा पहिलीपासून. तोवर होडी पैलतीराला लागलेली असायची.

मिशनची रीत अशी, की बाप्तिस्म्याआधी बायबलबाईने त्या माणसाची ग्वाही द्यायची. नारळी पौर्णिमा आली आणि केरूने दरवर्षीप्रमाणे दर्याला नारळ दिला. "पोटाला घालतो त्येला रिकाम्या हातानं कसा भेटू?" एवढंच त्याचं म्हणणं. रविवारी पाद्रीसाहेबांनी विचारलं, "केरू तयार आहे का?" आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून गुणवंती ताठ मानेने म्हणाली, "नाही साहेब. अजून मूर्तिपूजा सुटलेली नाही. नाताळात बघू."

नाताळ कुणी बघितलाय! भाद्रपदात खाडीच्या मुखाशी होडी उलटली आणि तिसऱ्या दिवशी केरू वाळूवर सापडला. अख्खा दर्या त्याच्या डोक्यावरून गेला होता, पाद्र्याचं ओंजळभर पाणी तेवढं राहिलं. मिशनच्या दफनभूमीत जागा फक्त बाप्तिस्मा झालेल्यांना. धाकटा दीर महिपत आला. "वैनी, तुमी बाजूला व्हा. दादा आमचाच व्हता," म्हणाला. ज्यांनी वाळीत टाकलं त्यांनीच खांदा दिला, आणि ही झाडाआड उभी राहून चितेचा धूर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती पाद्रीसाहेबांच्या बंगल्यावर गेली. "साहेब, केरू कुठे आहे?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस भला होता. "ते आपण देवाच्या दयेवर सोपवू, बाई."

"मग अकरा वर्षं लोकांच्या मेलेल्या माणसांना मी नरकात धाडत होते, तेव्हा का नाही सोपवलं?"

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मी अडवलं त्याला," ती म्हणाली. "तो येत होता, आणि मी अडवलं!"

काम तिने सोडलं नाही, जाणार कुठे? पण ती कोयती पार बोथट झाली. बायका आता उठून जात नसत, कारण हीच बोलता बोलता गप्प व्हायची. शिकवायला बसली की सहाव्या आज्ञेपाशी तीही अडायची. 'खून करू नको.' पुढचं काही तिच्या तोंडून निघत नसे.

दोन वर्षांनी पावसची म्हातारी राही बाप्तिस्म्याला उभी राहिली. दम्याने पार खिळखिळी झालेली. आज्ञा तिला एकही पाठ नव्हती. मेलेल्या नवऱ्याच्या नावाने पुजलेला चांदीचा टाक तिने देव्हाऱ्यातून काढला, तो फेकला नाही, कनवटीला लावला. येताना होडीत गुणवंतीला तो दाखवून ती म्हणाली होती, "ह्यो मातुर मी टाकायची नाय गो."

मिशनच्या देवळात साहेबांनी गुणवंतीला विचारलं, "हिने जुने देव सोडलेत?"

"सोडलेत."

"आज्ञा येतात?"

"सगळ्या."

उभ्या जन्मात ती देवळात खोटं बोलली नव्हती. साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "गुणवंतीबाई, खरं सांगता ना?"

"पाणी घाला, साहेब!" ती ओरडली. सगळे बाकांवरून वळून बघू लागले. "आधी तिच्या डोक्यावर पाणी घाला. मग मला काय ते विचारा."