दोनशे एकोणचाळीस

माझा धाकटा भाऊ परळच्या एका शाळेत गणित शिकवायचा. एकदा वर्गात एका मुलीने त्याला विचारलं, "सर, सात एकांच्या संख्येला कशाने भाग जातो?" म्हणजे अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. तो घाईत म्हणाला, "कशानेच नाही." पुढे छातीच्या आजाराने तो इस्पितळात पडला, तेव्हा न तपासता दिलेलं ते उत्तर त्याला खुपायला लागलं. यातून उठणार नाही हे त्याला कळलं होतं. "दादा, जायच्या आधी तिला खरं काय ते कळवायचं," म्हणाला.

त्यासाठी एक हजार एक्कावन्नपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या, म्हणजे ज्यांना एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही अशा, एकेक लावून पाहायच्या. एकूण एकशे सत्त्याहत्तर. त्याला त्या पाठ होत्या. हात थरथरायचा, म्हणून तो संख्या सांगायचा आणि मी वहीत भागाकार करायचो. ऑफिस सुटलं की ट्रामने जायचो. दिवसाला दोन-तीन व्हायचे.

"दोनशे तेहेतीसला किती उरले?"

"एकशे सदुसष्ट."

"तुम्हा कारकुनांना बाकी फार आवडते बुवा!"

शेजारच्या खाटेवरचा गिरणी कामगार हसला. "मास्तर, मुंबई महाराष्ट्राला मिळंल, पण तुमचा भागाकार काय सुटायचा नाय!"

दुसऱ्याच दिवशी गोळीबार झाला, संचारबंदी लागली. तीन दिवस मला जाता आलं नाही. चौथ्या दिवशी गेलो तर त्याचा आवाज पार बसलेला. "दोनशे एकोण..." म्हणाला आणि त्याला ढास लागली. पुन्हा बोलायला लावू नये म्हणून मी विचारलं नाही. एकोणतीस धरलं. उरले तीन. मागचं पान उलटलं असतं तर एकोणतीस आधीच झालेले दिसले असते.

एक हजार एक्कावन्न झाले त्या संध्याकाळी त्याने डोळे मिटून घेतले. "म्हणजे मी बरोबरच होतो रे दादा." मी मुलीला पोस्टकार्ड लिहिलं, खाली त्याने कशीबशी सही केली. आठवड्याने तो गेला.

तेरावं झाल्यावर वही चाळली. दोनशे एकोणतीस दोनदा, दोनशे एकोणचाळीस कुठेच नाही. तिथेच बसून भाग लावला. चार हजार सहाशे एकोणपन्नास, बाकी शून्य.

त्या दिवशी नुसतं "काय म्हणालास?" विचारलं असतं, तर काम तिथेच संपलं असतं. पुढचे एकशे पंचवीस भागाकार, जवळजवळ दोन महिन्यांच्या संध्याकाळी, माझ्या चुकीमुळे झाल्या. त्या नको होत्या असं मला म्हणवत नाही. पण त्या मुलीला खरं कळावं, एवढंच त्याने मागितलं होतं.

मी दुसरं पोस्टकार्ड लिहिलं. दोनशे एकोणचाळीसने भाग जातो. सरांनी आकडा बरोबर सांगितला होता, लिहिणाऱ्याने चुकीचा ऐकला.

या वेळी खाली सही माझी एकट्याची.