अक्काचा मास्तर

अक्का गेली हे मला कळलं ते इस्पितळाच्या जिन्याजवळ. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि कन्नडमध्ये हळू आवाजात दोन वाक्यं बोलल्या. मी मान हलवली. "सरी," म्हणजे ठीक आहे, असं म्हणालो. आणि मग भिंतीवर प्लग पॉइंट शोधू लागलो... घरातली कुठलीही बातमी अक्काला मीच सांगायचो, आणि अक्काला काहीही सांगायचं तर आधी लॅपटॉप लावायला प्लग पॉइंट हवा. हातांना ती सवयच लागली होती. माझ्या बायकोनं, शैलानं, माझा दंड धरला. "अहो, कुणाला सांगताय?" ती म्हणाली. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. 

वत्सलाअक्का माझी थोरली बहीण. आमचं घराणं किती पिढ्यांपूर्वी बंगळुरात आलं हे आता कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी बोलायची, तीही निम्मी कन्नड, आणि शाळेत कन्नड शिकायचं, असंच आम्ही वाढलो. अक्का दुसरीत असताना तिला मोठा ताप आला आणि त्या तापात तिचे डोळे गेले. पुढं ती अंधशाळेत ब्रेल शिकली, एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर झाली आणि नोकरी संपेपर्यंत जयनगरच्या आमच्या घरून एकटी बसनं जात-येत राहिली. तिनं लग्न केलं नाही. माणसं ती आवाजावरून ओळखायचीच, पण पलीकडच्याच्या नुसत्या 'हॅलो'वरून त्याचं पोट बिघडलंय की मन, तेही सांगायची. आमच्या लहानपणी तिच्याशी खोटं बोलायची सोय नव्हती.

निवृत्तीच्या जरा आधी तिनं तो लॅपटॉप घेतला. जाड, काळा, मांडीवर ठेवला तर पायाला मुंग्या येतील असा. त्यात स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम होता. आवाज पुरुषाचा, खर्जातला, सपाट, आणि त्याला यायचं फक्त इंग्रजी. आपण रोमन अक्षरांत मराठी लिहिलं तर तो ते दगड फोडल्यासारखं एकेक अक्षर सुटं करून वाचायचा. मी बाळू, तर मला तो 'बॅलू' म्हणायचा. शैलाचा 'शेला' करायचा. अक्का हसून हसून बेजार व्हायची. तिनं त्याचं नाव ठेवलं मास्तर. प्रोग्रॅममध्ये उच्चार दुरुस्त करायची सोय होती. अक्कानं चिकाटीनं एकेक नाव, एकेक शब्द त्याला शिकवला. बाळू, शैला, उप्पीट, चकली, अगदी आमच्या गल्लीतल्या गणपतीचं कन्नड नावसुद्धा. काही वर्षांनी तो बऱ्यापैकी आमच्यासारखं बोलू लागला.

मग मधुमेहानं तिच्या बोटांची जाणीव नेली. ब्रेलची टिंबं तिला लागेनात. त्याच सुमारास कानही जायला लागले. यंत्र लावलं तर नुसता गोंगाट मोठा व्हायचा. एका रविवारी सकाळी ती हेडफोन लावून बसली होती. मी येऊन काहीतरी विचारलं, तर एक हेडफोन बाजूला करून म्हणाली, "बाळू, तुम्ही सगळे पाण्याखालून बोलताय रे. हा एकटाच काठावर उभा आहे." कानाच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की त्या आवाजाचा खर्ज आणि सुटी अक्षरं तिच्या उरलेल्या ऐकण्याला जुळतात, असं होतं कधीकधी. माझ्या मुलीनं, मुग्धानं, म्हणजे अक्काच्या 'पुट्टी'नं, कन्नडमधल्या लाडक्या छोकरीनं, पुण्याहून नवा लॅपटॉप आणला. त्यात गोड, अगदी माणसासारखा आवाज होता. अक्कानं मिनिटभर ऐकून हेडफोन काढला. "कानात आंबील ओतल्यासारखं वाटतंय, पुट्टी. एक शब्द वेगळा होत नाही." मास्तर दुसऱ्या कुठल्या यंत्रावर चढेना. तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि प्रोग्रॅमची सीडी घर बदलताना हरवली होती.

तेव्हापासून आम्ही टाइप करायचो, मास्तर बोलायचा, आणि अक्का तोंडानं उत्तर द्यायची. जगाची आणि तिची गाठ पडायला तेवढी एकच जागा उरली होती. म्हणून एका संध्याकाळी तिनं लॅपटॉपवर मनगट टेकवून "बाळू, ह्याला धाप लागलीये," असं म्हटलं, तेव्हा मी हातातलं काम टाकून तिच्याजवळ आलो. मी कान लावला. आतून टक्... टक्... असा आवाज येत होता. हार्ड डिस्क मरायला टेकली होती. आठवड्याभरात लॅपटॉप सुरूच होईना.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. अक्काच्या पाठीवर मी बोटानं मोठी मोठी कन्नड अक्षरं काढायचो, कारण डोळे जाण्याआधी ती शिकली होती ती तीच. 'जेवण'. 'गोळी'. 'अंघोळ'. चार अक्षरांच्या पुढं गेलं की तिचा गोंधळ व्हायचा आणि ती ओरडायची, "पुन्हा! पुन्हा काढ!" मग थकून पाठ भिंतीला लावायची. एकदा दुपारी ती स्वतःशीच मोठ्यानं बोलताना ऐकली. कुणाशी बोलतेस, हे विचारायलाही माझ्याकडे साधन नव्हतं.

माझा कारखान्यातला जुना सोबती नागराज निवृत्तीनंतर घरी संगणक दुरुस्त करायचा. त्यानं डिस्क बाहेर काढली. "ही जात आता कोणी बनवत नाही," तो म्हणाला. बाजारात जुन्या मिळाल्या त्या हिच्यापेक्षा म्हाताऱ्या. मग त्यानं एक उपाय सुचवला. जुन्या डिस्कच्या जागी एक छोटी हिरवी पट्टी बसवायची. तिच्या एका अंगाला जुन्या पद्धतीच्या पिनांची भोकं, दुसऱ्या अंगाला कॅमेऱ्यात घालतात तसलं मेमरी कार्ड. लॅपटॉपला वाटतं आपली नेहमीची डिस्कच आहे. अडॅप्टर म्हणतात त्याला. "पण कार्ड कोरं असतं, बाळू. तुमचा मास्तर या मरणाऱ्या डिस्कवर आहे. आधी त्याला इथून तिथं न्यायला पाहिजे."

तो आपला संगणक आमच्या घरी घेऊन आला आणि आम्ही डिस्क त्याला जोडून तिच्यातलं सगळं उतरवून घ्यायला लागलो. थोडं उतरायचं, मग टक् टक्, मग सगळं ठप्प. दर वेळी वाटायचं, आता संपलं. थंड केल्यावर डिस्क कधीकधी थोडा वेळ चालते, असं नागराजनं ऐकलं होतं. खात्री त्यालाही नव्हती. शैलानं काही न विचारता इडलीच्या पिठाचं भांडं सरकवून फ्रिजमध्ये जागा केली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली ती डिस्क मी आत ठेवली आणि फ्रिजसमोर उभा राहिलो, अतिदक्षता विभागाबाहेर उभं राहावं तसा. बाहेर काढली, पुसली, जोडली. थोडं उतरलं. पुन्हा फ्रिज. पुन्हा थोडं. असं सकाळपासून चाललं होतं. मग पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज आला आणि ती कायमची थांबली. नागराजनं माझ्याकडं न बघता विचारलं, "स्वल्प कॉफी घेऊया का?"

शेवटचा तुकडा उतरला नव्हता. त्यात काय होतं, कुणाला माहीत. पहिला अडॅप्टर लॅपटॉपनं ओळखलाच नाही. दुसरा ओळखला, पण कार्डाची मेमरी त्या जुन्या यंत्राच्या मानानं फार मोठी निघाली. मी रोज बाजारात जात होतो. घरी अक्का पाठ माझ्याकडं करून बसलेली असायची, काहीतरी लिहिलं जाईल या आशेनं. तिसरा अडॅप्टर आणि कमी मेमरीचं कार्ड बसवलं, बटण दाबलं. स्क्रीन उजळला. मी अक्काच्या कानांवर हेडफोन चढवला आणि टाइप केलं, 'akka mi balu'. तिचा चेहरा हलला. ती रडायलाच लागली. "अरे, हा तुला बॅलू म्हणतोय!"

तिनं शिकवलेले सगळे उच्चार त्या न उतरलेल्या तुकड्यात गेले होते. मास्तर होता, पण पहिल्या दिवसासारखा परका. आणि दुसरी एक गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती. कार्डाला फिरणारा भाग नसतो. जुनी डिस्क चालू असली की तिची थरथर अक्काच्या मनगटाला लागायची. यंत्र जागं आहे की झोपलंय ते तिला त्यावरून कळायचं. आता ते मढ्यासारखं गार. मास्तर जरा गप्प राहिला की ती घाबरायची, आणि दिवसभर तिचा प्रश्न घरभर घुमायचा, "आहेस का? ए... आहेस का?" तो मास्तरला होता की मला, हे तिलाही माहीत नसावं. मी असेन तिथून धावत यायचो आणि टाइप करायचो, 'aahe'.

उन्हाळा संपता संपता तिच्या अंगावर सूज आली. रिक्षातून तिच्याबरोबर लॅपटॉपही नेला. वॉर्डात लावला तर सुरूच होईना. खड्ड्यांच्या रस्त्यानं अडॅप्टर जागचा हलला होता. मी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्टुलावरच लॅपटॉप उघडला. नर्स ओरडली, "अंकल, इथं हे काय लावलंय?" मी मान वर केली नाही. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून घडी केली, अडॅप्टरखाली पाचर मारली, अंगठ्यानं दाबून धरला. एक स्क्रू हातातून सुटून कॉटखाली घरंगळला. तो तसाच राहू दिला. स्क्रीन उजळला.

डॉक्टरीणबाईंनी सकाळीच मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. अक्काला ठाऊक होतं की सांगितलंय. "काय म्हणाल्या?" तिनं विचारलं. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ती इतकी मोठ्यानं बोलली की सगळ्या वॉर्डानं वळून पाहिलं. मी टाइप केलं, पुसलं. पुन्हा टाइप केलं, 'thodi sudharna', पुन्हा पुसलं.

"बाळू," ती म्हणाली, "हा प्रत्येक अक्षर बोलतो. पुसलेलं पण बोलतो. मला सगळं ऐकू येतंय. गोड करू नकोस. त्या काय म्हणाल्या तेवढंच लिही."

मी लिहिलं. मूत्रपिंडं थांबलीत. डायलिसिस हृदयाला झेपणार नाही. मास्तरनं ते हवामानाची बातमी द्यावी तसं वाचलं असणार. अक्कानं हेडफोन कानांवर नीट दाबून बसवला. मग म्हणाली, "ह्याच्या आवाजात बरं झालं ऐकलं. तुझ्या आवाजात ऐकलं असतं तर मलाच तुला सांभाळावं लागलं असतं." मग जरा वेळानं, "दुखेल का रे?"

'mahit nahi', मी लिहिलं.

"हं. हे खरं लिहिलंस."

पुढचे दिवस ती बहुतेक गुंगीत होती. हेडफोन मी काढू दिला नाही. अधूनमधून ओठ हलायचे, "आहेस का?" आणि मी टाइप करायचो. शेवटच्या सकाळी तिनं विचारलं तेव्हाही केलं. ओठ पुन्हा हलले नाहीत. मी पुन्हा केलं. पुन्हा केलं. ऐकू जात होतं की नाही, मला कळायला मार्ग नव्हता... शेवटी नर्सनं येऊन मला बाहेर बसायला सांगितलं.

लॅपटॉप आता तिच्या टेबलावर आहे. सुरू होतो. मी त्यात काही लिहीत नाही.

मुग्धा पुण्याहून रोज फोन करते. "बाबा, बरे आहात ना?" असं विचारते, आणि मी रोज "हो गं, मजेत," म्हणतो. परवाही तिनं विचारलं. उत्तर अगदी तोंडाशी आलं आणि तिथंच थांबलं. पलीकडं ती वाट बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "बरा नाही. तू ये."

तिनं खुर्ची मागं सरकवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "निघते."