उपरण्याच्या गाठीतली डबी

राणीसावरगावचा प्रवास मी एकदा लिहिला आहे. आमच्या ज्येष्ठ मंडळाच्या अंकात तो छापून आला आणि अनोळखी माणसाच्या चांगुलपणाची गोष्ट म्हणून पुष्कळांना आवडला. त्यात लिहिलेले सगळे खरे होते. जे लिहायला हवे होते, ते मात्र मी गाळले होते. म्हणून यंदाच्या हिवाळ्यात, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, मी पुण्याहून पुन्हा तिकडे निघालो.

आधी जुने सांगतो. बेचाळीस वर्षांपूर्वी मी शाळांना नकाशे आणि तक्ते विकत मराठवाडाभर फिरत असे. एप्रिलच्या उन्हात राणीसावरगावच्या स्टँडवर मी कोसळलो. समोरच्या किराणा दुकानातून मन्मथअप्पा नावाचे गृहस्थ धावत आले. त्यांनी मला सावलीत नेले, तळपायांना कांदा चोळला, गूळपाणी पाजले आणि गंगाखेडच्या दवाखान्यात पोहोचावे म्हणून बसमध्ये चढवले. बस सुटता सुटता आपले उपरणे पाण्यात बुचकळून माझ्या डोक्याला गुंडाळले. छापून आले ते एवढेच.

दोन दिवसांनी परळीच्या लॉजवर मी ते उपरणे धुवायला घेतले. एका टोकाला गाठ होती. गाठीत तुटलेल्या दोऱ्यासकट चांदीची डबी, आणि डबीत इष्टलिंग (लिंगायत माणूस गळ्यात कायम धारण करतो ते शिवाचे चिन्ह). मला उचलताना दोरा तुटला असावा, अप्पांनी डबी उपरण्यात बांधली असावी आणि घाईत तेच उपरणे मला दिले असावे. पुढच्या फेरीत देऊ, असे म्हणून मी ती ठेवून दिली.

महिन्याने एका सहकाऱ्याने सहज सांगितले, की इष्टलिंग हरवले तर जुनी माणसे ते सापडेपर्यंत किंवा गुरूकडून दुसरे मिळेपर्यंत अन्नाला शिवत नाहीत. अप्पा उपाशी गेले असतील तर? खरे तर त्याच दिवशी बस पकडायला हवी होती. मी साहेबांना सांगून गंगाखेडचा भाग दुसऱ्याकडे दिला. पुन्हा तिकडे फिरकलो नाही.

आता निघताना मी ठरवले होते, की डबी त्या घरात पोहोचेपर्यंत आपणही काही खायचे नाही. मला मधुमेह आहे, हे मुलीला आठवले असते. म्हणून तिला सांगितलेच नाही.

रात्रभर डबीवर हात ठेवून जागा होतो आणि सकाळी नेमका डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी उभी होती. परभणी आले असे समजून घाईघाईने उतरलो. गाडी हलल्यावर पाटी दिसली: पिंगळी. परभणी मागे राहिली होती. पहिले काम केले ते खिसा चाचपण्याचे. डबी होती.

स्टेशनाबाहेर मोटारसायकलला दुधाचे कॅन बांधत असलेला एक माणूस माझ्याकडे पाहत होता.

"काका, कुणीकडं जायलाव?"

"राणीसावरगावला."

"मग पिंगळीला कामून उतरलाव? पिंगळीचे लोक बी परभणीलाच उतरतेत!"

त्याने दोन कॅनच्या मध्ये मला बसवले. "कॅन धरा. मला धरू नका, मला गुदगुल्या होतेत." परभणीच्या स्टँडवर त्याने चहा मागवला. मी नको म्हणालो. "उपास का?" "तसाच." त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिले, गंगाखेडच्या बसमध्ये खिडकीची जागा पकडून दिली आणि वाहकाला बजावले, "ह्यांना मधी कुठं उतरू देऊ नका."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, हिरवा हरभरा, कणसे बाहेर पडलेली, निसवलेली ज्वारी. गंगाखेडजवळ गोदावरी ओलांडली, पण माझे लक्ष पाण्याकडे नव्हते. अप्पा गेले असतीलच. ते कशाने गेले हे कोणाला आणि कसे विचारायचे, एवढेच डोक्यात घोळत होते.

गंगाखेडला राणीसावरगावची जीप भरत होती. मागे बसायला पाय उचलला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पंचेचाळिशीच्या ड्रायव्हरने मला दंडाला धरले, पुढच्या सीटवरच्या तरण्या माणसाला उठवले आणि मला तिथे बसवले. मग बाटलीतल्या पाण्याने गमछा ओला करून माझ्या मानेवर टाकला. त्या गार ओल्या स्पर्शाने मी केवढ्याने दचकलो!

"आजोबा, गमजा हाय. साप न्हाई," तो हसला. गाव जवळ आल्यावर त्याने विचारले, "कुणाकडं जायचं?"

"मन्मथअप्पांच्या दुकानात."

"अप्पा गेले की. लय वर्सं झाली."

"कशाने?"

"म्हातारपणानं. आनखी कशानं?"

मी डोळे मिटले. बेचाळीस वर्षांनी छातीवरचे काहीतरी उतरले. पण ड्रायव्हरने गिअर बदलला आणि समोर पाहत म्हणाला, "दुकान हाय. पर आमच्या घरचं कुणी त्या वट्यावर पाय ठेवत न्हाई." चेहऱ्यावरचे हसू गेले होते. का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

दुकानात पासष्टीच्या एक बाई बसल्या होत्या, कपाळावर विभूतीचे पट्टे. अप्पांच्या सूनबाई, महानंदाबाई. "शरणार्थ," मी लिंगायतांच्या रीतीने नमस्कार करत म्हणालो आणि पुढे काही सुचेना, म्हणून डबी काढून त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी तिला हात लावला नाही. ती निरखून पाहिली. मग माझ्याकडे पाहिले.

"तुमी नकाशेवाले."

मी सगळे सांगितले. माझे संपल्यावर म्हणाल्या, "मामंजींना गाठ ध्यानात होती. बस गेल्याबरूबर छातीला हात लावला अन् म्हणले, पाहुण्यासंगं गेली, आणून देईल. तीन दिवस अन्नाला शिवले न्हाईत. ह्याच वट्यावर बसायचे अन् दर येणाऱ्या बशीला उठून बघायचे. चौथ्या दिवशी मठातून स्वामी आले, त्यांनी दुसरं लिंग दिलं, तवा भाकरी खाल्ली."

"म्हणजे त्यांचे काही वाईट झाले नाही," मी म्हणालो. केवढ्या आशेने म्हणालो!

"मामंजींचं न्हाई झालं. सोपानचं झालं."

सोपान स्टँडवरचा हमाल. मला उचलले तेव्हा डोक्याकडची बाजू त्याने धरली होती. मला त्याचा चेहराही आठवत नव्हता. "गाव म्हणलं, पाहुणा कशाला नेतोय, सोपाननंच हात मारला. मामंजी सगळ्यांना सांगायचे, त्यानं न्हाई घेतली, पाहुणा आणून देईल. लोक म्हणायचे, मग आला का तुमचा पाहुणा?" त्यांनी डबीकडे बोट केले. "तुमी आलाव न्हाई."

सोपानच्या हातात कोणी सामान देईना. तो बायकोपोरांना घेऊन जिंतूरकडे बोरीला गेला. पोराने जीप घेतल्यावर, म्हातारपणी, गावात परतला.

"जीप?"

"तुमी आलाव तीच."

मी ओट्याची कड धरून खाली बसलो. त्यांनी ओळखले. "सकाळपसून काय खाल्लं?" मी खरे सांगितले. तेव्हा त्या पहिल्यांदा चिडल्या. "ह्या वट्यावर मेलाव आसताव तर? परत नाव आमचंच, का अजून एखाद्या सोपानचं?"

त्यांनी डबी दोन्ही हातांनी उचलून आत नेली. लिंगाला पाणी घातले, विभूती लावली, बेलाचे पान वाहिले. "ह्याचं काय करायचं ते स्वामी सांगतील," म्हणाल्या आणि माझ्यासमोर ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी) वाढले. मी मान खाली घालून जेवलो.

जेवण होताच त्या मला सोपानच्या घरी घेऊन गेल्या. तो अंगणात बाजेवर बसला होता. महानंदाबाईंना दारात पाहून तो उठून उभा राहिला. त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "सोपानदादा, पाहुणा आला."

मी सांगू लागलो. त्याने ऐकून घेतले. माझ्या डोक्याकडे पाहिले.

"लय जड होतं हे. तवा केसं होते." मग म्हणाला, "जगलाव का मेलाव, ते कळलंच न्हाई. बायकू इचारायची. म्हणायची, पाहुणा मेला आसंल, न्हाई तर आला असता." घरात कोठे त्याची बायको दिसत नव्हती. विचारायचे मी टाळले.

मी त्याच्या पायांना हात लावायला वाकलो. त्याने पाय मागे घेतले.

"मला कामून सांगायलाव? मी घेतली न्हाई, हे मला म्हाईतच हाय. स्टँडावर चला. तिथं सांगा."

स्टँडवर जीप भरत होती. चहाच्या टपरीपाशी दहा-बारा माणसे होती, त्यांत तीन-चार माझ्या वयाची. मी हळू आवाजात बोलू लागलो.

"मोठ्यानं," महानंदाबाई म्हणाल्या.

मी माझे नाव सांगितले. डबी माझ्याकडे होती, मला ठाऊक असून मी आणली नाही, सोपानने ती पाहिलीसुद्धा नव्हती, हे सांगितले. कोणीतरी मागून म्हणाले, "आजोबा, बेचाळीस वर्सं बस गावली न्हाई का?" एकदोघे हसले. सोपान हसला नाही. "परत एकदा सांगा," तो म्हणाला. "ह्या मारुतीला कमी ऐकू येतं." मारुती नावाचा म्हातारा समोर बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन, कानाशी वाकून, पुन्हा सगळे सांगितले. त्याने सोपानकडे पाहिले आणि नजर खाली वळवली.

सोपानचा मुलगा जीपला टेकून ऐकत होता. मी मघासारखाच पुढच्या दाराकडे गेलो.

"मागं बसा," तो म्हणाला.

सोपान दुकानाच्या ओट्यापाशी उभा होता. महानंदाबाई वर चढल्या, वळल्या आणि वाट पाहत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्याने चप्पल काढली आणि एक पाय ओट्यावर ठेवला. तेवढे दिसले आणि जीप वळली.

पुण्याला आलो त्या दिवशीच हे लिहायला बसलो. जुन्या लेखात मी लिहिले होते, की दोन अनोळखी हातांनी मला मरणातून उचलले. अंकाच्या संपादकांनी तेवढी दुरुस्ती छापावी. हात चार होते. दोन मन्मथअप्पांचे. दोन सोपानचे.